काकींचं कूळ

आमचे सांगलीचे घरमालक नव्या भाडेकरूला भाड्याचं सोडून बाकी सगळं विचारायचे. मूळ गाव कुठलं? तिथं कुठनं आला? त्याच्या आधी? त्याच्याही आधी? आमच्या यजमानांनी मिरज सांगितलं, मग आजोबांचं गाव सांगितलं, मग खापरपणजोबा कोकणातून घाट चढून वर आले असं ऐकून आहोत म्हणाले, आणि तिथे त्यांची गाडी अडली.

"आन् कोकणात कुठनं आला?" घरमालकांनी विचारलं.

मी सामानापाशी उभी होते, प्रवासाने जीव आंबून गेला होता. "आबा, त्याच्या आधीचं आता ब्रह्मदेवालाच विचारा, पण तेवढं कुलूप काढा," मी म्हटलं. ते मोठ्याने हसले आणि त्यांनी कुलूप काढलं. तेव्हापासून ते आमचे आबा झाले आणि त्यांची माझ्यावर मर्जी बसली ती बसलीच.

आबांची बायको, त्यांना आम्ही काकी म्हणत असू, सयामच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने त्यांना उत्तरेकडच्या एका छावणीत नेऊन ठेवलं आणि तिथेच त्या तापाने गेल्या. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगावी म्हणून ते झाकून ठेवणं मला जमायचं नाही. आणि खरं सांगायचं तर आबांची आठवण आली की मला आधी तेच आठवतं, त्यांची बाकीची सगळी विक्षिप्त वागणूक मागाहून.

आबा मूळचे जावळीतल्या, मेढ्याजवळच्या एका डोंगरी गावचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीची नोकरी. तरुणपणी ते खेचरांच्या तुकडीबरोबर ब्रह्मदेशात गेले, तिथे पलटणीतून नाव कमी करून घेतलं आणि एका लाकडाच्या कंपनीत चिकटले. सागाचे ओंडके नदीत सोडायचे आणि खाली धरायचे, हे काम. त्या कामाच्या पाठीपाठी सालवीन नदी ओलांडून ते सयामात गेले आणि तरुणपण सगळं तिकडेच घालवून, काकींना घेऊन, गावी परत आले. भाऊबंदांनी काकींना उंबऱ्याच्या आत घेतलं, पण पंगतीला घेतलं नाही. कूळ ठाऊक नाही, देवक ठाऊक नाही, हिला आमच्यात बसवायची कशी, हा त्यांचा सवाल. आबांनी गाव सोडलं आणि सांगलीला नदीच्या अंगाला हे घर घेतलं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही. यजमान हळदीच्या पेठेत एका अडतीवर कारकून होते. त्यांचे कपडे, आमची अंथरुणं, दूधसुद्धा पिवळ्या वासाचं.

सकाळी अंघोळ उरकली की आबा धुण्याच्या दगडापाशी उकिडवे बसत आणि तांब्यातलं उरलेलं पाणी बोटाने दगडावर ओढत. आधी चार रेघा. "ही पिंग. ही वांग. ही योम आन् ही नान. चौघी खाली येत्यात आन् एक हुत्यात. आपल्या वेण्णा, कोयना, वारणा कृष्णेला मिळत्यात का न्हाई, तसं समज." मग त्या रेघांवर माणसं वसवायची. मी धुण्याची बादली घेऊन उभी.

"थाय लोक तितले न्हवंत बरं का पोरी. लय वर, चीनच्या खालच्या अंगाला डोंगर हायती, तिकडनं आले. फौज घिऊन न्हाई आले. भाताचं बी घिऊन, नदीच्या कडंकडंनं. आज हे खोरं, नातवाच्या येळंला फुडचं खोरं. आन् खोरी काय मोकळी व्हती व्हय? खाली मोन लोक व्हते, बुद्धाला मानणारे. ह्यांनी बुद्ध त्यांच्याकडनं घेतला. डोंगरात लवा व्हते, ते सगळ्यांच्या आधीचे. उगवतीला ख्मेर, त्यांची दगडी देवळं बघशील तर खुळी हुशील. दक्षिणंला मलायी, ते मुसलमान. बाजारात चिनी, रानात हत्ती घिऊन करेन. आन् थाय तरी कुठं एक हायती? युआन येगळे, ल्यू येगळे, ख्युन येगळे, सालवीनपल्याडचे शान येगळे, लाव तर आनि येगळे. बोली येगळी, लुगड्याचा काठ येगळा."

"आबा, मला धुणं टाकायचंय."

"टाक की. दगूड कुठं पळून चाललाय?"

मी धुणं टाकलं की सगळा देश बादलीभर पाण्यात वाहून जायचा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू. वैताग यायचा, पण सांगते, मला आज सांगलीच्या पेठा आठवत नाहीत इतके ते लोक आठवतात.

काकींची आणि या सगळ्याची सांगड आबांनी कशी घातली होती ते कळायला मला वर्ष लागलं. तिकडचे राजे लढायचे ते जमिनीसाठी नव्हे, असं आबा सांगत. जमीन रगड होती, माणसं कमी होती. म्हणून जिंकणारा राजा गावंच्या गावं उचलायचा आणि आपल्या वेशीबाहेर आणून बसवायचा. चांदीकाम करणारे एका आळीत, लाखेचं काम करणारे दुसऱ्या आळीत, विणकर तिसऱ्या. काकींच्या आईकडचे लोक असेच सालवीनच्या पलीकडून, शान मुलखातून उचलून आणलेले. आजी डोंगरातली, लवांपैकी. वडिलांकडचं घराणं मात्र पिंगच्या खोऱ्यातलं जुनं, गावच्या मुखत्यारीचं, तिथल्या राजाच्या दूरच्या नात्यातलं. हे सगळं आबांना सात पिढ्यांपर्यंत तोंडपाठ होतं. दोघांना मूल झालं नाही. झालं असतं तर त्याला पाळण्यातच हे ऐकावं लागलं असतं.

काकी बुटक्या, गोऱ्या, डोळ्यांना बारीक. अंबाड्यात नेहमी एखादं फूल. बाहेर जाताना नऊवारी नेसायच्या, घरात मात्र त्यांचं स्वतः विणलेलं आडव्या पट्ट्यांचं वस्त्र गुंडाळलेलं असायचं. मराठी त्या आबांकडूनच शिकलेल्या, त्यामुळे ती अस्सल जावळीची. पहिल्यांदा त्या तोंडातून "आगं बया, लय वारं सुटलंय, दार लाव की" असं ऐकलं तेव्हा मी दार लावायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. भात त्या टोपलीत वाफेवर शिजवत. आपला तांदूळ त्यांना हवा तसा चिकट व्हायचा नाही, त्यामुळे रोज थोडी धुसफूस. अंगणात एका खांबावर त्यांनी लाकडाचं वीतभर उंचीचं घर केलं होतं. त्यात त्या जागेच्या मालकाला, म्हणजे जागेतल्या देवाला, रोज फूल आणि भाताची मूठ. शेजारणी म्हणायच्या, तुळस सोडून हे काय? आबा म्हणायचे, "जागेचा मालक मी न्हवं, त्यो हाय. मी बी भाडेकरूच."

नागपंचमीला मात्र आबांचं वागणं बघून कोणीही त्यांना वेडं म्हटलं असतं. त्या दिवशी सांगलीतल्या साऱ्या लेकीसुना माहेरी जायच्या, नाहीतर माहेराहून कोणी तरी मुराळी त्यांना न्यायला यायचा. काकींना कोण येणार? आबा सकाळीच घरातून निघून जायचे. स्टेशनवर जाऊन तिथून टांगा करून, डोक्याला दुसराच पटका बांधून, नारळ आणि खण घेऊन आपल्याच दारात उतरायचे. काकी पाय धुवायला पाणी द्यायच्या, गूळ द्यायच्या आणि विचारायच्या, "घरची समदी बरी हायती न्हवं?" मग हे सांगायला लागायचे. पिंगला पूर येऊन गेला. तुझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. म्हातारी हत्तीण गेली, पण त्रास झाला नाही तिला. हे सगळं कल्पनेतलं, आणि दोघांनाही ते ठाऊक. तरी हत्तीण गेली त्या वर्षी काकी डोळ्याला पदर लावून खरोखर रडल्या, आणि आबा आतल्या खोलीत जाऊन पटका बदलून बाहेर आले आणि विचारू लागले, "का गं, कोण आलं व्हतं?"

एकदा वर्तमानपत्रात आलं की सयामचं नाव बदलून तिथल्या सरकारने थायलंड ठेवलं आहे. यजमानांनी हौसेने वाचून दाखवलं. वाटलं, आबा खूश होतील. ते संतापले. "म्हंजे थाय मानसांचा देस. मग मोन कुठं जानार? लवा कुठं जानार? हिच्या आजीनं काय करायचं?" दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. काकी शेवटी म्हणाल्या, "आजी मरून लय दिस झालं. तिला काय फरक पडतोय? तुमी जेवा." काकींचं असं होतं. त्यांच्या कुळाची उठाठेव आबांना जितकी, तितकी त्यांना नव्हती.

मग जपान लढाईत उतरला आणि रंगूनपर्यंत आला. आमच्या आळीतली पोरं काकींना आधी चिनीण म्हणायची, आता जपानीण म्हणायला लागली. एकाने दगड मारला. आबांनी त्याला धरला, पण मारला नाही, धुण्याच्या दगडापाशी नेऊन बसवला आणि चार नद्यांपासून सुरुवात केली. पोरगं अर्ध्या तासाने रडायला लागलं. तेवढं सोडलं तर सांगलीत त्यांना कोणी काही केलं नाही. संस्थानी गाव ते, तिथे चौकशीला कोणी फिरकलं नाही. सयामचं सरकार जपान्यांच्या बाजूला गेलं आणि त्याने इंग्रजांविरुद्ध लढाई पुकारली, हेही आम्ही ऐकलं होतं. पण त्याचा आमच्या अंगणाशी काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही. सांगलीबाहेर खालसा मुलखात, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलात, काकींनी पाऊल ठेवायला नको, हे आम्हांला त्याच वेळी सुचायला हवं होतं.

आबांच्या पाठचा भाऊ मागेच वारला होता. त्याचा मुलगा पलटणीत भरती झालेला, आघाडीवर जायच्या आधी गावी त्याचं लग्न उरकायचं ठरलं. मुलाची आई विधवा, तिला देवकाला बसता येत नव्हतं. तेव्हा नवरदेवाच्या वतीने देवक बसवायचा मान थोरल्या चुलत्याचा आणि चुलतीचा, म्हणजे आबांचा आणि काकींचा. पुतण्याने स्वतः येऊन पाय धरले. "काकीच बसंल. दुसरं कुनी बसलं तर मी मांडवात पाय ठेवायचा न्हाई," म्हणाला. गोड पोरगा. काकींना एकटं वाटू नये म्हणून मला बरोबर घेतलं. माझं माहेर साताऱ्याचं, तेवढंच माहेरीही जाऊन येता येईल असा माझा हिशेब.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात कळंबाची डहाळी आणून ठेवलेली होती. तेच त्यांचं देवक. काकी नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारी मी. आणि आबांचा एक चुलतभाऊ, गावात वजन असलेला माणूस, साफ आडवा आला. ज्या बाईच्या कुळाचा पत्ता नाही ती आमच्या देवकाला हात लावणार नाही, म्हणाला. आवाज चढले. नवरदेव उठला. तेवढ्यात पाटील एका फौजदाराला घेऊन मांडवात आले.

लढाईच्या दिवसांत परमुलखातलं कोणी गावात आलं की पाटलाने वर कळवायचं असे हुकूम होते. त्याने कळवलं, आणि फौजदार चौकशीला आला. माणूस वाईट नव्हता. माणदेशातला होता, रोडका, उन्हाने काळा पडलेला, काही वर्षं ब्रह्मदेशात नोकरी केलेला. बाजेवर बसला, चहा घेतला, काकींकडे एकदा बघून मान खाली घातली. मग आबांना म्हणाला, "बाई ब्रह्मदेशच्या ना? शान मुलखातल्या दिसतात. म्हणजे आपल्याच सरकारची प्रजा झाली. मी तसं लिहितो, म्हणजे मिटलं."

त्याने सरळ वाट काढून दिली होती. आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही, आईकडचे लोक शान मुलखातलेच. आबांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मला वाटतं ते हलवणार होते. पण तो चुलतभाऊ मागून म्हणाला, "लिवा सायेब, काय बी लिवा. हिचं कूळ हिच्या नवऱ्याला बी ठावं न्हाई. रंगूनच्या बाजारातनं आनलेली हाय ती."

आबा उठून उभे राहिले. पटका नीट केला, जशी काही सोयरिकीची बोलणी चालली आहेत, आणि फौजदाराकडे नव्हे, भाऊबंदांकडे तोंड करून बोलायला लागले. बाजारातली न्हाई. ऐका. पिंगचं खोरं, अमुक गाव, बाप मुखत्यार, आजा मुखत्यार, पणजा राजाच्या मांडीला मांडी लावून बसणारा. सयामच्या राजाच्या मुलखातलं घराणं, आजही सरकारदरबारी मान हाय. एकेक नाव ठासून घेत होते. इतकी वर्षं धुण्याच्या दगडावर ज्याची तालीम केली ते ज्यांना ऐकवायचं होतं ती माणसं आज समोर होती, आणि सरकारचा माणूस त्यांना कूळ विचारत होता. दुसरं त्यांना काही दिसत नव्हतं.

"आबा, बसा खाली," फौजदार म्हणाला. "मला एवढं नको."

"न्हाई सायेब, पुरं ऐका."

"अहो, सयामने आपल्या सरकारशी लढाई पुकारलीय. तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"त्ये राजकारन झालं, सायेब. मी कूळ सांगतोय."

मी काकींचा हात धरला. "काकी, थांबवा त्यांना," मी म्हटलं. त्यांना सगळं कळत होतं. फौजदार पहिलं वाक्य बोलला तेव्हाच कळलं होतं. त्या माझ्याकडे बघून इतकंच म्हणाल्या, "बोलू दे, पोरी. लय वर्सं थांबलाय त्यो." आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

आबांचं सांगून झालं. भावकीतला सगळ्यांत म्हातारा माणूस खांबाला टेकून बसला होता, तो म्हणाला, "घरानं चांगलं हाय. बसू द्या तिला." चुलतभाऊ बाजूला झाला. काकी उठल्या. त्यांच्या पदराची आबांच्या उपरण्याशी गाठ मारली, आणि दोघांनी देवक बसवलं. आबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आजही बघवत नाही. फौजदार मांडवाबाहेर लिंबाखाली उभा होता. साऱ्या मांडवाने ऐकलं होतं, पाटलाने ऐकलं होतं, आता त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लग्न लागेपर्यंत तो थांबला. अक्षता टाकल्या आणि मग काकींना घेऊन गेला.

साताऱ्यापर्यंत आबांना बरोबर जाऊ दिलं. चार दिवसांनी ते एकटेच सांगलीला आले. काकींना आगगाडीने उत्तरेला पाठवलं होतं. लग्नाची बायको आहे म्हणून सोडा म्हणावं, तर लग्न तिकडचं. मनगटाला सूत बांधून थोरांनी आशीर्वाद दिले, झालं लग्न. त्याला कागद नाही, आणि पाहिलेलं माणूस या देशात एकही नाही.

त्यानंतरचे आबा म्हणजे निराळाच माणूस. ज्याने आयुष्यभर लोकांना धरधरून फरक समजावले तो आता रस्त्यात माणसं थांबवून सांगायचा, "आमची मंडळी ब्रह्मी हाय बरं का. सयामची न्हवं. मी उगाच बोललो." पेठेतली टवाळ पोरं मुद्दाम विचारायची, "आबा, लवा कुठले हो?" ते म्हणायचे, "मला न्हाई ठावं." खांबावरच्या घरात भाताची मूठ मात्र रोज तेच ठेवायचे, टोपलीतला भात करपवून. छावणीतून काकींनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं एक पत्र आलं. इथे ऊन फार आहे, खोकला आहे, तुम्ही जेवा, एवढंच. मी ते त्यांना वाचून दाखवलं आणि मला इतका संताप आला, सरकारचा, भाऊबंदांचा, आबांचासुद्धा, की मी उठून आत गेले.

शेवटी यजमानांनी त्यांना एका वकिलाकडे नेलं. वकील म्हणाला, एकच वाट दिसते. घरातल्या पाच जाणत्या माणसांनी लिहून द्यायचं की ही बाई ब्रह्मदेशातून आणलेली, हिचं कूळघराणं आम्हांला कधीच ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी आम्ही टोचून बोललो म्हणून हा रागाच्या भरात मोठेपणा मारून गेला. भावकीबाहेरचं, तिथे हजर असलेलं एक माणूसही साक्षीला हवं. ते माणूस म्हणजे मी. यजमानांनी मजकूर लिहिला, मी खाली सही केली, आणि आबांबरोबर पुन्हा मेढ्याची मोटार धरली.

चुलतभावाच्या ओसरीवर सगळे जमले. त्याने स्वतः पुढे होऊन आबांना लोडाशी बसवलं, मला आत त्याच्या बायकोने गूळपाणी दिलं. इतकं आदरातिथ्य या घरात आबांना कधी मिळालं नसेल. मग मजकूर वाचून झाला.

"आवं आबा," चुलतभाऊ हळूच म्हणाला, "आसं कसं लिवून द्यायचं? साऱ्या जावळीत नाव झालंय. ह्यांच्या घरात सयामच्या राजाच्या नात्यातली सून हाय म्हंत्यात. आमच्या थोरल्या पोरीची सोयरीक त्याच नावावर जमलीया, साताऱ्याचं मातब्बर घर. आता बाजारातली व्हती म्हून आमीच अंगठं दिलं, तर पोरीचं काय व्हायचं?"

"तूच म्हनला व्हतास, भर मांडवात," आबा म्हणाले.

"म्हनलो आसंन. रागाला काय डोळं असत्यात? चूक झाली. वैनीचं कूळ लय थोर. ह्या म्होरं आमच्यातलं कुनी वाकडं बोललं तर मी जीब हासडीन."

आबांनी पटका काढला आणि त्याच्या पायावर ठेवला. "तिला कूळ न्हाई," ते म्हणाले. "आई न्हाई, बाप न्हाई. मी रंगूनच्या बाजारातनं आनली. समदं खोटं बोललो मी. लिवून द्या गड्यांनो, ती मरंल तिकडं."

आत बसून मी ते ऐकलं. मांडवात ज्या शब्दावर ते पेटून उठले होते तोच शब्द आपल्या तोंडाने, त्याच माणसांपुढे, पुन्हा पुन्हा. चुलतभावाने पटका उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला, स्वतःच्या हाताने नीट बसवला. "नका आबा, आसं आपल्याच बायकूबद्दल बोलू नये," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, हे मला त्याला माफ करताना अजून आडवं येतं. कोणीही अंगठा दिला नाही. त्या खांबाला टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्यानेसुद्धा नाही.

परतीच्या मोटारीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार, चढ आला की उतरून ढकलायची. वाटेत एक सुट्टी संपलेला शिपाई चढला. पोरगेलासाच होता, पुतण्याच्याच पलटणीतला, लग्नात त्याने आबांना पाहिलं होतं. त्याने वाकून नमस्कार केला आणि समोर ट्रंकेवर बसला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाला होता.

"आबा," तो म्हणाला, "तिकडच्या रानात मानसं वळखायची कशी? जपानी कंचा, ब्रह्मी कंचा, सयामी कंचा, काय समजत न्हाई म्हंत्यात. तुमास्नी सगळ्या जाती ठावं हायती. जरा सांगा की, कामाला यील."

मी जरा सरकून बसले. या विषयावर आबांना हात लांब करायला जागा लागते.

आबा खाली बघत होते. "सगळी सारकीच असत्यात, बाळा," ते म्हणाले. "काय फरक न्हाई."

पोरगा हिरमुसला. थट्टा करताहेत की काय म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हा आबा माझ्याकडे वळले.

"व्हय का न्हाई गं, पोरी?"

मी हो म्हटलं.